आउटलुकमधले पत्ते यादीत कसे उतरवायचे

भोपाळच्या जवाहर चौकात एक छोटं कार्यालय आहे असं धरा. गणपती जवळ आलेत आणि शहरातल्या मराठी घरांना ई-मेलने आमंत्रण धाडायचंय. नावं, फोन, ई-मेल सगळं कार्यालयाच्या आउटलुकमध्ये वर्षानुवर्षं साठलंय. एकेक कार्ड उघडून उतरवत बसण्यापेक्षा छोटासा मॅक्रो लिहिलेला बरा.

आउटलुकमध्ये ऑल्ट आणि एफ-११ दाबलं की मॅक्रो लिहायची, म्हणजे व्हीबीएची खिडकी उघडते. मॅक्रो आधी 'मॅपी' नेमस्पेस मागतो आणि तिच्याकडून १० क्रमांकाचं फोल्डर, म्हणजे कॉन्टॅक्ट्स, घेतो. मग त्यातल्या प्रत्येक नोंदीचं पूर्ण नाव, मोबाइल आणि ई-मेल वाचत जायचं. ई-मेलच्या जागा प्रत्येक कार्डावर तीन असतात. पहिलीच वाचून थांबलात तर काहींचा चालू पत्ता राहून जाईल.

इथे पहिली ठेच लागते. या फोल्डरमध्ये माणसांबरोबर 'कार्यकारिणी'सारखे गटही असतात. गटाला मोबाइल नंबर विचारला की मॅक्रो तिथेच अडतो. म्हणून आधी नोंदीचा 'क्लास' तपासायचा: ४० असेल तर माणूस, ६९ असेल तर गट.

दुसरी अडचण जास्त चकवणारी. ज्या ऑफिसात एक्स्चेंज सर्व्हर आहे, तिथल्या सामायिक यादीतून उचललेल्या कार्डावर ई-मेलच्या जागी तिरप्या रेघेने सुरू होणारी, 'रेसिपियंट्स' शब्द असलेली लांबलचक ओळ मिळते. ती चूक नव्हे, सर्व्हरचा अंतर्गत पत्ता आहे. पत्त्याचा प्रकार 'ईएक्स' दिसला की ती ओळ 'क्रिएट रेसिपियंट'ला द्यायची, 'रिझॉल्व्ह' करायची आणि 'गेट एक्स्चेंज यूजर'कडून 'प्रायमरी एसएमटीपी अ‍ॅड्रेस' मागायचा. @ असलेला नेहमीचा पत्ता तिथे मिळतो.

हेच काम बाहेरच्या प्रोग्रॅमने करू पाहिलं, तर आउटलुक कधी कधी 'परवानगी देऊ का?' असं विचारतं. त्याला कारण आहे. मार्च १९९९मध्ये मेलिसा व्हायरसने पत्त्यांच्या यादीतल्या पहिल्या ५० जणांना स्वतःला पाठवलं. मे २०००मध्ये 'आय लव्ह यू'ने तर सगळ्या यादीलाच. दोघांनीही पत्ते असेच कोडने वाचले होते. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने हा पहारा बसवला. अँटिव्हायरस अद्ययावत असेल तर आता तो सहसा आडवा येत नाही.

आता यादी फाइलमध्ये लिहायची. व्हीबीएच्या साध्या 'प्रिंट' आज्ञेने लिहिलं तर 'कुलकर्णी'च्या जागी बहुधा नुसती प्रश्नचिन्हं उमटतील, कारण ती आज्ञा युनिकोडमध्ये लिहीत नाही. त्याऐवजी 'एडीओडीबी स्ट्रीम' वापरा आणि कॅरेक्टर सेट यूटीएफ-८ ठेवा. मग एक्सेलमध्येही देवनागरी नीट उघडते.

नव्या विंडोज आउटलुकमध्ये मात्र व्हीबीए चालत नाही. तिथे मायक्रोसॉफ्ट ग्राफ या वेब सेवेकडे 'कॉन्टॅक्ट्स रीड' परवानगीने मागणी करावी लागते. पहिल्या उत्तरात दहाच नावं आली म्हणून दचकू नका. पुढच्या पानाची लिंक त्याच उत्तरात असते; ती येणं थांबेपर्यंत पुढचं पान मागत राहायचं.