परसांतील खेळाचें अंगण

परसांत कृत्रिम हिरवळ अंथरून मुलांस खेळावयास अंगण करावें, असें कित्येक पालकांच्या मनांत येतें. ही हिरवळ म्हणजे प्लास्टिकच्या तंतूंचा गालिचा होय. अमेरिकेंतील ह्यूस्टन शहरच्या छपरबंद क्रीडागृहांत उजेडाअभावीं खरें गवत मेलें, तेव्हां इ. स. १९६६ मध्यें तेथें ती घातली गेली व प्रसिद्धीस आली.

परंतु आमच्या पाचोडकडील काळी माती पावसाळ्यांत पाणी पिऊन फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. तिच्यावरच गालिचा घातल्यास तो उंचसखल होऊन धांवणाऱ्या मुलाचा पाय मुरगळावयाचा. म्हणून आधीं जागा आंखावी. बॅडमिंटनला १३.४० मीटर लांब व ६.१० मीटर रुंद अंगण लागतें. सभोंवारची मोकळी जागा निराळी. तेथील काळी माती उपसून मुरुमाचे थर पाणी मारून धुमसानें ठोकावे, वर खडी व बारीक कच घालावी आणि शंभर फुटांस एक फूट उतार ठेवावा. मग पट्ट्यांचे सांधे चिकटवून तंतूंत कोरडी वाळू झाडणीनें भरावी.

या हिरवळीस जगविण्यासाठीं पाणी लागत नाहीं, हा अवर्षणाच्या मुलखांत मोठाच लाभ. मात्र उन्हांत ती खऱ्या गवताहून पुष्कळ अधिक तापते. वैशाखांतील दुपारीं तिच्यावर अनवाणी खेळूं नये.

इतकी ऐपत नसल्यास खेद नको. चोपलेल्या मुरुमाचें अंगणही खेळास उत्तम होय. पाया कच्चा ठेवून हिरवळ आणण्यापेक्षां, पाया पक्का करून हिरवळीची वाट पाहावी, हेंच आमचें सांगणें.