बाजू बदलायची राहिली!

मार्चमधली संध्याकाळ. मंगरूळपीर तालुक्यातल्या एका गावी, शाळेच्या पटांगणावर व्हॉलीबॉलचा अंतिम सामना रंगात आला होता. वाशिम जिल्हा अजून व्हायचा होता. तो झाला १ जुलै १९९८ला. तेव्हा आम्ही सारे अकोला जिल्ह्यातलेच. पटांगणाच्या एका अंगाला कडुनिंब, दुसऱ्या अंगाला भिंत. त्यामुळे मैदान पूर्व-पश्चिमच आखावे लागे आणि पूर्वेकडच्या संघाच्या डोळ्यांत थेट मावळतीचा सूर्य! उंच आलेला चेंडू कधी दिसायचा, कधी नुसताच डोक्यावर आदळायचा. फळ्यावर खडूने गुण लिहिण्याचे काम माझ्याकडे होते. त्या कामात मी काय घोळ घातला, ते पुढे येईलच.

टीव्हीवर बॅडमिंटन लागले, की घरात कोणीतरी विचारतेच, ‘हे मधेच इकडचे तिकडे का जातात हो?’ दम खायला, असे अनेकांना वाटते. दम खाणे हा त्यातला फायदा. कारण मात्र ऊन आणि वारा. जाळीच्या खेळात दोन्ही पक्ष आपापल्या अंगणात कोंडलेले असतात. एकाच्या अंगणात ऊन पडले, तर ते त्याच्याच वाट्याला. सूर्याला हलवता येत नाही, म्हणून माणसे हलवायची!

बॅडमिंटनचे सुरुवातीचे नियम १८७०च्या दशकात आपल्या पुण्यातच, इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी बांधले. खेळालाही काही काळ ‘पूना’ म्हणत. तेव्हा तो उघड्यावर चाले. पाचेक ग्रॅमच्या फुलाला वाऱ्याची झुळूकसुद्धा पुरते. आता खेळ बंद सभागृहात आला, पण वारा सुटला नाही. वातानुकूलन यंत्राचा झोत एका बाजूने वाहतो आणि तिकडून मारलेले फूल रेषेबाहेर तरंगत जाते. मोठमोठे खेळाडूही त्यापुढे हैराण होतात.

एक गेम या बाजूने, एक त्या बाजूने, इथवर हिशेब सोपा. पेच पडतो शेवटच्या गेमचा. तो एकच, वाटायचा कसा? म्हणून तो मधोमध कापला. बॅडमिंटनमध्ये २००६पासूनच्या २१ गुणांच्या पद्धतीत, तिसऱ्या गेममध्ये कोणाचे ११ झाले की बाजू बदलते. (अकराला विश्रांती प्रत्येक गेममध्ये असते, पण बाजू तिसऱ्यातच बदलते.) व्हॉलीबॉलच्या पंधरा गुणांच्या निर्णायक सेटमध्ये आठाला, टेबल टेनिसच्या शेवटच्या गेममध्ये पाचाला.

टेनिसची तऱ्हा निराळी. तिथे पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या, म्हणजे विषम गेमनंतर बाजू बदलते. हे का, ते मुलांना घेऊन दोन पेल्यांवर करून पाहा. सर्व्हिस आळीपाळीने. अ उत्तरेकडून सर्व्हिस करतो. बाजू बदलते आणि ब लगेच त्याच उत्तरेकडून करतो. मग न बदलता अ दक्षिणेकडून, पुन्हा बदलून बसुद्धा दक्षिणेकडून. ज्या उन्हात मी चेंडू वर फेकला, त्याच उन्हात लगोलग तूही फेक! ज्याने हे पहिल्यांदा बसवले, त्याच्या डोक्याला मी तरी मानतो.

जाणते खेळाडू याचा फायदाही उठवतात. बॅडमिंटनमध्ये नाणेफेक जिंकून कित्येकदा वाईट बाजू आधी घेतात. पहिला गेम तिथे, दुसरा चांगल्या बाजूला. तिसरा झालाच तर अकरापर्यंत वाईट आणि शेवटचे, जिवावरचे गुण चांगल्या बाजूला. पंगतीत कारल्याची भाजी आधी संपवणाऱ्यांना हे सांगायला नको.

आता माझा घोळ. तिसरा, निर्णायक सेट. आमचे गाव सावलीत, पाहुणा संघ उन्हात. ८-६ झाले. तिथे मी हात वर करायचा होता. पण आमचे गाव पुढे आणि मी खडू हातात धरून ओरडण्यात दंग! पंचही पंचक्रोशीतलेच, तेही रमलेले. फळ्यावर १२-८ लागले, तेव्हा पाहुण्यांचा कर्णधार डोळ्यांवर हात धरून माझ्यापाशी आला.

‘लेखनिक भाऊ, आठाचे बारा झाले. बाजू बदलाची राह्यली ना!’

पंचांनी नियमाचे पुस्तक काढले. नियम स्पष्ट होता, आजही तोच आहे : चूक ध्यानात येताच बाजू बदलायची, झालेले गुण मात्र कायम. खेळून झालेले परत कसे खेळणार? बाजू बदलल्या. सूर्यही तोवर कडुनिंबाच्या बुंध्याशी टेकला होता. आम्ही १५-११ने जिंकलो.

हात मिळवताना तो एवढेच म्हणाला, ‘सहा पॉइंट उन्हात जास्त खेळलो आमी.’

ढाल शाळेच्या कपाटात लागली. दुसऱ्या वर्षी स्पर्धेत फळा मीच मागून घेतला आणि आठाच्या आकड्याभोवती आधीच खडूने गोल करून ठेवला. तो संघ काही त्या वर्षी आला नाही. आता टीव्हीवर तिसरा गेम लागला, की पंचांच्या आधी मीच ‘बाजू!’ म्हणून ओरडतो. घरातले हसतात.