लाइन आली!

आमच्या वैजापुरात सकाळी अंथरूण सोडल्यापासून रात्री पाठ टेकेपर्यंत एका इंग्रजी शब्दावाचून कोणाचे पान हलत नाही. तो शब्द म्हणजे ‘लाइन’. रेशनच्या दुकानापुढे लाइन असते, ती माणसांची. फोनची लाइन लागत नाही. पोलीस लाइनीत राहतात. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, निजामी अमदानीत, मनमाडहून हैदराबादकडे रूळ पडले, त्यांचीही लाइनच झाली. आमच्या गावाचे स्टेशन रोटेगाव त्याच लाइनीवर आहे. बारावी झालेल्या मुलाला पाहुणे विचारतात, “कोणती लाइन घेतली?” आणि तोच मुलगा पुढे बसस्टँडवर रेंगाळू लागला, की गल्लीतली म्हातारी मंडळी म्हणतात, “पोरगं लाइन मारतंय, त्याला लाइनीवर आणा!” एकाच वाक्यात एकच शब्द, एकदा बिघडण्यासाठी आणि एकदा सुधारण्यासाठी!

मी पडलो मराठीचा प्राध्यापक. ‘महापौर’, ‘दिनांक’ असे शब्द देणाऱ्या सावरकरांची भाषाशुद्धी मी दरवर्षी वर्गात शिकवतो. माणसांची ती रांग, अक्षरांची ती ओळ, कागदावरची रेघ, भूमितीतली रेषा आणि जेवणाऱ्यांची पंगत. घरात एवढी श्रीमंती असताना उसनवारी कशाला, असा माझा रोकडा सवाल असे. त्यामुळे कोणाच्या वहीत ‘लाइन’ दिसली, की माझी लाल शाई उसळलीच म्हणून समजा.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. प्रथम वर्षाच्या मुलांना ‘माझी एक रात्र’ असा निबंध लिहायला दिला होता. मागच्या बाकावर बसून पहिल्या तासाला हमखास पेंगणारा एक विद्यार्थी होता. त्याच्या निबंधात दहा वेळा ‘लाइन’ आलेली! मी नऊ ठिकाणी ती खोडून वर ‘वीज’ लिहिले, एका ठिकाणी ‘रांग’ केले, गुण कापले आणि खाली शेरा मारला, ‘मराठी शब्द वापरावेत.’

वह्या परत दिल्या, तेव्हा तास संपल्यावर तो मुलगा टेबलापाशी येऊन उभा राहिला.

“सर, एक विचारू का? तुम्ही लिहिलंय, ‘रात्री बारा वाजता वीज आली आणि बाबा उठून पळत सुटले.’ हे वाचून कुणालाही वाटेल, आभाळातली वीज आली.”

मी हसलो. म्हटले, “बरं, मग विजेचा प्रवाह म्हण.”

“पण सर, वीज तर घरात होतीच. दिवा चालूच होता. तेवढ्यावर विहिरीवरची मोटर फिरत नाही. तीन फेजची लाइन आली तरच फिरते, आणि ती पाळीनं येते. काही दिवस दिवसाची, काही दिवस रातची. या आठवड्यात आमची रातची आहे.”

मी वही पुन्हा हाती घेतली आणि या खेपेस शाईचे पेन खिशातच ठेवून वाचू लागलो. लाइन आली की बाप मोटर सुरू करायला विहिरीवर जातो आणि मुलगा बॅटरी घेऊन कांद्याच्या वाफ्यांत पाणी भरायला. थंडीने पाय बधिर झालेले. बांधाच्या गवतात काही सळसळले तर जागच्या जागी थिजायचे. पहाटे लाइन गेली की घरी यायचे, आणि सकाळी कॉलेज. मी ज्याला आळस समजत होतो, ती झोप कुठून येत होती हे त्या दहा लाइनींत लिहिलेले होते, आणि मी नेमक्या त्याच खोडल्या होत्या.

त्या रात्री मी कोश उघडून बसलो. जवसाला लॅटिनमध्ये ‘लिनम’ म्हणतात. त्याच्या धाग्याचे कापड ते लिनन आणि त्याचा दोरा ती ‘लिनिया’. तीच पुढे इंग्रजीत लाइन झाली. दोरा ताणून रेघ आखली, रेघेवरून ओळ, ओळीवरून रांग, असा तो शब्द वाढत गेला. आपला मुलूख कापसाचा, म्हणून आपला दोरा सुताचा. ते धरून लाकूड कापणारा सुतार, नाटक हाती धरणारा सूत्रधार, गणितात मांडतात ते सूत्र. मुलगा वळणावर आला की तो सुतासारखा सरळ झाला, आणि दोघांचे जमले की सूत जुळले! म्हणजे आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांचे वाक्य आपल्या सुताने केव्हाच विणून ठेवले होते. गवंड्याने तर दोन्ही सोयरिकी एकत्र नांदवल्या आहेत. त्याच्या हातातल्या दोराला तो म्हणतो ‘लाइनदोरी’.

शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून राज्य शासनाने २०१७ मध्ये ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना’ आणली. लाइनीला ‘वाहिनी’ हा शब्द देखणा खराच; पण मध्यरात्री विहिरीवरून कोणी “वाहिनी आली हो!” असे ओरडला, तर शेजारच्या वस्तीवरून “कोणाची वहिनी?” असा प्रश्न यायचा! शब्द देखणा असून भागत नाही. अंधारात, लांबून, एका हाकेत कळावा लागतो.

दुसऱ्या दिवशी मी ती वही मागून घेतली. नऊ लाइनी परत केल्या, कापलेले गुणही परत केले. दहावी मात्र दिली नाही. खताच्या दुकानापुढे माणसे उभी होती, त्या जागी ‘रांग’ तशीच ठेवली. मुलालाही ते पटले.

हल्ली पहिल्या तासाला हजेरी घेण्यापूर्वी मी मागच्या बाकाकडे पाहून विचारतो, “काय रे, या आठवड्यात लाइन कोणती?” ‘रातची’ असे उत्तर आले, की त्या आठवड्यात त्याला मी प्रश्न विचारत नाही.