भाताचे तूस आणि भट्टीची राख

शहरी कचरा भट्टीत जाळल्यावर त्याचे आकारमान सुमारे नऊ-दशांशाने घटते. परंतु त्यातील शिसे, जस्त, कॅडमियम हे धातू जळून नाहीसे होत नाहीत, ते राखेत गोळा होतात. भट्टीच्या तळाशी उरणारी जाड राख त्या मानाने सौम्य असते. धुराबरोबर वर जाऊन गाळणीत अडकणारी बारीक राख, म्हणजेच उडती राख, जाळलेल्या कचऱ्याच्या वजनाच्या केवळ २ ते ३ टक्के भरत असली, तरी अशा धातूंचा आणि विरघळणाऱ्या क्षारांचा मोठा वाटा तिच्यातच असतो. मुंबई महानगरपालिकेने देवनारला हाती घेतलेल्या, रोज ६०० टन कचरा जाळून वीज निर्माण करण्याच्या प्रकल्पाला हेच प्रमाण लावले, तर रोज १२ ते १८ टन उडत्या राखेची सोय लावावी लागेल. अशी राख सिमेंटमध्ये बांधून, अस्तर घातलेल्या सुरक्षित खड्ड्यात पुरण्याची रीत प्रचलित आहे. मात्र तिने पुरायच्या मालाचे वजन वाढते आणि सिमेंट भाजताना कार्बन डायऑक्साइड सुटतो तो वेगळाच.

इटलीतील ब्रेशा विद्यापीठात एल्झा बोंतेम्पी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, युरोपीय संघाच्या ‘लाइफ’ कार्यक्रमाच्या साहाय्याने, सिमेंटऐवजी भाताच्या तुसाची राख वापरून पाहिली. धुरातील आम्ले मारण्यासाठी भट्टीत चुना वापरतात, त्यामुळे उडती राख अतिशय अल्कधर्मी होते, आणि शिसे व जस्त हे धातू आम्लात जसे विरघळतात तसेच तीव्र अल्कातही विरघळतात. म्हणूनच अशा राखेवर पाणी पडले की शिसे झिरपू लागते. तुसाच्या राखेतील सिलिका, म्हणजे वाळूचाच मुख्य घटक असलेला पदार्थ, या चुन्याशी संयोग पावून कॅल्शियमची सिलिकेट संयुगे बनवते; उरलेला चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून चुनखडीत बदलतो, अल्कता उतरते, आणि धातू न विरघळणाऱ्या रूपात अडकून पडतात.

हे तूस मुंबईजवळच्या पालघर जिल्ह्याला नवे नाही. भौगोलिक मानांकन मिळालेला कोलम तांदूळ पिकवणाऱ्या वाडा तालुक्यातून वैतरणा वाहत येते आणि अर्नाळ्याजवळ समुद्राला मिळते. भातगिरणीत १ क्विंटल भात भरडले की सुमारे २० किलो तूस निघते, ते जाळल्यावर ४ किलोच्या आसपास राख उरते आणि तिच्यात ८५ ते ९५ टक्के सिलिका असते. कोकणात तुसाच्या राखेची राखुंडी करून दात घासत, त्यामागेही हीच खरखरीत सिलिका होती. मात्र कोणतीही राख या कामी चालत नाही. साधारण ७०० अंश सेल्सियसच्या आत जाळलेल्या तुसातील सिलिका अस्फटिक, म्हणजे अनियमित रचनेची आणि चुन्याशी लवकर संयोग पावणारी राहते. त्याहून फार तापली की तिचे स्फटिक बनून ती निष्क्रिय होते. ज्या भट्टीत ताप आवरता येत नाही, तिथली राख फुकट मिळाली तरी तिच्यावर विसंबता येणार नाही, आणि तूस गोळा करण्यापेक्षा ते नीट जाळण्याची व्यवस्था उभारणे हेच यातले खरे अवघड काम आहे.

अर्नाळ्यासारख्या वालुकामय किनारपट्टीवर राखेतून धातू झिरपण्याचा प्रश्न विशेष नाजूक ठरतो, कारण वाळूतून पाणी वेगाने खाली मुरते आणि उथळ विहिरींपर्यंत पोहोचण्यापूर्वी गाळले जाण्यास त्याला फारसा वाव मिळत नाही. सिलिकेच्या उपचाराने शिसे आणि जस्त अडकतात, परंतु क्लोराइडचे क्षार बरेचसे विरघळणारेच राहतात, म्हणून राख आधी धुवावी लागते आणि ते धुवण शुद्ध करावे लागते. डायॉक्सिन हे दीर्घकाळ टिकणारे विषारी संयुगही या उपचाराने नष्ट होत नाही. शिवाय कचरा रोज वेगळा, म्हणून राखही वेगळी. एका खेपेला लागू पडलेले प्रमाण दुसरीला पुरेलच असे नाही. त्यामुळे उपचार केलेली प्रत्येक खेप पाण्यात ढवळून तिच्यातून किती धातू उतरतात हे मोजावे लागते, आणि हे मोजमाप झाल्याशिवाय तशी राख वैतरणेच्या खोऱ्यात भरावासाठी वा विटांसाठी वापरू देऊ नये.