देव कसा, ते देव माझा कोण?

मराठीत देवाविषयी लिहायला सुरुवात झाली तेव्हाच उपमेला लगाम घालायची सोयही झाली होती. तेराव्या शतकाच्या अखेरीस केशिराज व्यासांनी महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींचे ११४ दृष्टांत ‘दृष्टांतपाठा’त एकत्र केले. मांडणी ठरलेली: आधी सूत्र, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक. एका दृष्टांतात आंधळे हत्ती चाचपतात. पाय लागला त्याला तो खांब वाटतो, कान लागला त्याला सूप. ही गोष्ट कुठवर ताणायची आणि कुठे थांबायची, हे दार्ष्टांतिक सांगतं. ऐकणारा हत्तीतच अडकून पडेल, ही धास्ती महानुभावांना होती, आणि ती रास्तच होती.

ज्ञानेश्वरांचा स्वभाव नेमका उलटा. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, सिद्ध झालेल्या ‘ज्ञानेश्वरी’त एक उपमा अपुरी पडली की लगेच दुसरी येते आणि दुसरीमागून तिसरी. कधीकधी वाटतं, आता पुरे. पण त्या गर्दीमुळे कोणतीही एक उपमा डोक्यावर चढून बसत नाही. ‘अमृतानुभवा’त तर त्यांनी शब्दखंडनासाठी एक अख्खं प्रकरण खर्ची घातलं. शब्दांवर इतकी हुकमत असलेल्या माणसानेच शब्दाचा पाडाव करावा, यात एक वेगळीच ऐट आहे.

इथवरचा प्रश्न होता: देव कसा आहे? नामदेवांच्या मेळ्यात तो बदलला. देव माझा कोण, असं माणसं विचारू लागली. सावता माळ्याला कांद्या-लसणात विठाई दिसली. नरहरी सोनाराने देहाचीच बागेसरी, म्हणजे सोनाराची शेगडी, केली. आणि नामदेवांच्या घरची दासी जनाबाई! तिचा विठोबा लेकुरवाळा आहे, अंगाखांद्यावर संतांना घेऊन चालणारा. तोच तिच्याबरोबर जात्यावर बसतो, शेण्या वेचतो, तिची वेणी घालतो. या उपमा नव्हेत, ही सोयरीक आहे. उपमा वर्णन करून मोकळी होते. सोयरिकीत मात्र देणंघेणं येतं, रुसवेफुगवे येतात, हक्क येतो.

पंढरपुरात ही सोयरीक आजही हातांनी पाळली जाते. आषाढीच्या आधी देवाचा पलंग निघतो, कारण वारकऱ्यांच्या दर्शनासाठी त्याला रात्रंदिवस उभं राहायचं असतं. पाठीशी लोड देतात. वारी पांगली की प्रक्षाळपूजा होते, शिणवटा जावा म्हणून पायांना लिंबू-साखर चोळतात, रात्री काढा दाखवतात. देवाला कसला शीण, असं एखादा तर्कशास्त्री विचारील. काढा करणाऱ्यालाही ते ठाऊक असतंच की! तरीही काढा चुकत नाही.

पण देव माय असेल तर लेकरू दाराबाहेर का? हा सवाल अस्पृश्य म्हणून मंदिराबाहेर ठेवलेल्या चोखोबांच्या वाट्याला आला. विटाळ कुणाला नाही, असं त्यांनी अभंगांतून उघड विचारलं. माय म्हणणं सगळ्यांनाच गोड लागत होतं, पण त्या नात्याचा हिशेब कुणालाच नको होता. चोखोबांची समाधीही महाद्वारापाशीच राहिली, आणि लोक तिथे माथा टेकून आत जात राहिले.

एकनाथांनी भारुडांत जोशी, विंचू, दादला यांच्या तोंडून परमार्थ बोलवला. तो आजही हसवतो. पुढे तुकोबांनी माय-लेकराच्या नात्याला वाण्याची वहीही जोडली. कुळांची खतं त्यांनी इंद्रायणीत सोडली, पण देवाकडची येणी काही सोडली नाहीत. भक्तांमुळेच तुला नावरूप आलं, असं ते विठ्ठलाला ऐकवतात. एका अभंगात तर आपल्यापुरता देव मेला म्हणण्यापर्यंत त्यांची मजल जाते. असं भांडण घरच्या माणसाशीच होतं.

तिकडे गोव्यात, १६१६ साली, रायतूरला थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचं ‘क्रिस्तपुराण’ छापून झालं. धर्म नवा, पण साचा ओवीचा आणि स्वर्गाला नाव वैकुंठ. परक्या देवालाही मराठीत यायचं तर इथल्याच उंबऱ्यातून यावं लागलं.

१८६७ साली मुंबईत प्रार्थना समाज निघाला. मूर्ती गेली, पण प्रार्थनेत तुकोबांचे अभंग राहिले आणि अभंगांबरोबर मायही राहिली. निराकाराची उपासना करणाऱ्यांनाही नात्यावाचून बोलता येईना. जोतीराव फुल्यांनी अवतार, पुराणं, सगळं झाडून काढलं आणि ‘निर्मिक’ ठेवला. त्यांच्या निधनानंतर, १८९१ साली, ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ प्रसिद्ध झालं. निर्माता एक, म्हणून स्त्री-पुरुष सगळी भावंडं, आणि भावंडं म्हणून मानवी हक्क सारखे, असा त्यांचा रोख. संतांनी देवाशी नातं जोडलं होतं; फुल्यांनी त्यातून माणसामाणसांतली वाटणी मागितली. माझ्या मते या सहाशे वर्षांतलं सर्वांत धारदार वळण हेच.

चोखोबांचा हिशेब मात्र थकलेलाच होता. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण मांडलं, आणि त्यानंतर विठ्ठलमंदिर हरिजनांना खुलं झालं.