अटीत अडकलेली जुळणी

चाकणच्या कारखान्यांत मोटारसायकली जुळवल्या जातात. डिस्क ब्रेक ठरला, की चाकही ती चकती बसेल असेच लागते. बरोबर ना?

संगणक चालू करताच प्रथम धावणारा प्रोग्रॅमही असाच जुळवतात. १९९९ मध्ये अमेरिकेतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेत सुरू झालेला 'लिनक्सबायॉस', आजचा 'कोअरबूट', हे त्याचे खुले उदाहरण. त्यातले पर्याय 'केकॉन्फिग'च्या नियमांनी बांधलेले असतात. 'डिपेंड्स ऑन' म्हणजे 'ते असेल, तरच हे मिळेल'. 'सिलेक्ट' म्हणजे 'हे घेतले, की तेही आलेच'.

गोम इथेच आहे! ओढून आणलेल्या भागाच्या स्वतःच्या अटी पुऱ्या झाल्या नाहीत, तरी 'सिलेक्ट' थांबत नाही. इशारा मिळतो. तो दुर्लक्षिला, तर जुळणी फसू शकते. म्हणून ज्याला स्वतःच्या अटी नाहीत, असाच भाग 'सिलेक्ट'ने घ्यावा.

आता तुमच्या सायकलीचे असे नियम लिहून पाहा!