गुडघ्याजवळचं टेंगूळ

बदलापूर लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धं टेकलेल्या बारा-तेरा वर्षांच्या पोराच्या गुडघ्याला कुणाची तरी डब्याची पिशवी लागते आणि तो कळवळतो. घरी आई चाचपून बघते. गुडघ्याच्या जरा वर दगडासारखं टणक टेंगूळ. कातडी त्यावरून सरकते, ते मात्र जागचं हलत नाही. कॅल्शियम जास्त झालंय, दूध बंद करा, असा सल्ला शेजारून येतोच. दूध बंद करू नका. त्याचा इथे काडीचा संबंध नाही.

डॉक्टर याला ऑस्टिओकॉन्ड्रोमा म्हणतात. उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय असो की कोपऱ्यावरचं एक्स-रे सेंटर, साध्या फिल्मवर ते बहुतेक वेळा ओळखू येतं: हाडाला फुटलेली अळंबी, जवळच्या सांध्याकडे पाठ केलेली. तिच्या माथ्यावरची कूर्चेची टोपी फिल्मवर सहसा दिसत नाही, पण सगळा कारभार तिचाच. वाढत्या वयात हाडाच्या टोकाशी कूर्चेची पट्टी असते. तिथल्या पेशी रांगेत वाढतात, त्यांचं हाड होतं, मूल उंच होतं. काही पेशी रांग सोडून आडव्या निघाल्या की टेंगूळ. उंची थांबते तेव्हा तेही थांबतं.

अंगावर अशी अनेक टेंगळं असतील, तर बहुधा आठव्या गुणसूत्रावरचं ईएक्सटी-१ किंवा अकराव्यावरचं ईएक्सटी-२ जनुक बिघडलेलं असतं. ती १९९५-९६ मध्ये सापडली. दोन्ही मिळून हेपारन सल्फेट या साखरेच्या लांब साखळ्या विणतात (खायची साखर नव्हे, मधुमेहाचा विषय नाही). पेशींबाहेरच्या या साखळ्या वाढीचे निरोप योग्य जागी धरून ठेवतात. साखळी तोकडी पडली की निरोप भलत्याच दारात. फळमाशीतही ईएक्सटी-१ सारखं जनुक आहे. त्याच्या फ्रेंच नावाचा अर्थ ‘अंगभर केसाळ’!

आई किंवा वडिलांच्या जनुकात हा दोष असेल, तर प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता निम्मी. काहींच्या घरात मात्र आधी कुणालाच नसतो, तेव्हा सुनेच्या माहेराकडे बोट दाखवायचं कारण नाही. शिवाय एकाच घरात बापाला चार गाठी आणि लेकीला वीस, असंही होतं. कारण जनुकाची एक प्रत जन्मतः बिघडलेली असली, तरी गाठ बहुधा तिथेच उठते जिथे एखाद्या पेशीतली दुसरी प्रतही निकामी होते.

एकच टेंगूळ असेल आणि त्रास नसेल, तर शस्त्रक्रिया लागत नाही. नस दबली किंवा हात वाकडा होऊ लागला तर लागते. कॅन्सर क्वचितच होतो, तोही बहुतेक मोठेपणी. म्हणून उंची थांबल्यावर टेंगूळ पुन्हा वाढू लागलं किंवा न आपटताही ठणकू लागलं, तर मालीशवाल्याकडे नको. त्याच आठवड्यात हाडांच्या डॉक्टरकडे जा.